मावशी एक, घरं तीन

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. आयटी कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला ऑफिस, दोन दिवस घरून काम. मुलगी दीड वर्षाची. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर मैत्रीण राहते, तिचा मुलगा तीन वर्षांचा. गेलं वर्षभर दोन्ही मुलांना मिळून एक मावशी सांभाळतात. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा, वाचक भगिनीच्या घरी. पगार २०,०००, दोन्ही घरांचे दहा-दहा हजार.

जूनपासून मैत्रिणीचा मुलगा नर्सरीत जाणार आणि साडेबाराला परत येणार. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर कळवलं, ‘आता आमचा अर्धाच दिवस आहे, तर आम्ही ६,००० देऊ.’ म्हणजे उरलेले १४,००० यांनी भरायचे. शिवाय वीज, गॅस, मावशींचं जेवण-चहा हे सगळं यांच्याकडेच. सासूबाई घरात असतात, त्यामुळे मावशींची सुट्टी असली की दोन्ही मुलं त्यांच्याकडे. नवरा म्हणतो, ‘चार हजारांसाठी कशाला संबंध बिघडवायचे?’ पत्रात पुढे लिहिलंय: ‘ती रोज लिफ्टमध्ये भेटते. पैशांचं बोलले तर वाईट दिसेल, नाही बोलले तर मला वापरून घेतल्यासारखं वाटतंय. काय करू? मावशींना यातलं अजून काही माहीत नाही.’

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी त्यातले आकडे कागदावर मांडले. तुमचा राग ज्या ६,००० वर आहे, तो आकडा मैत्रिणीने हवेतून काढलेला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

मावशी दिवसाला साडेनऊ तास असतात. जूनपासून सकाळचे साडेतीन तास त्यांच्याकडे फक्त तुमची मुलगी असेल आणि दुपारी साडेबारानंतरचे सहा तास दोन्ही मुलं असतील. साडेतीन तासांचा पगार तुम्ही एकट्यांनी द्यायचा आणि सहा तासांचा दोघींनी निम्मा-निम्मा, असं धरलं तर तुमच्याकडे साधारण १३,७०० येतात आणि तिच्याकडे ६,३००. तिने बहुधा हेच गणित केलं आणि तीनशे रुपये खालच्या बाजूला गोल केले. याला वापरून घेणं म्हणता येणार नाही.

आता तोच हिशेब जरा वेगळ्या पद्धतीने करून बघा. ज्या घरचं मूल जितके तास मावशींकडे, त्या प्रमाणात त्या घराने पैसे द्यायचे. तुमची मुलगी साडेनऊ तास, तिचा मुलगा सहा तास. असं केलं की तिचे ७,७०० होतात आणि तुमचे १२,३००. मावशी त्याच, तासही तेच, आणि आकडा चौदाशे रुपयांनी हलला! तासांचा हिशेब दिसायला अगदी निःपक्षपाती वाटतो, पण तो कुणी आणि कसा मांडला यावर बरंच काही ठरतं. तेव्हा ‘ती अन्याय करतेय’ हे तुमचं गृहीतक आणि ‘तासांप्रमाणे म्हणजे रास्तच’ हे तिचं गृहीतक, दोन्ही जरा वेळ बाजूला ठेवू.

मला खरं बोलायचंय ते त्या ‘अर्ध्या दिवसा’बद्दल. मुलगा शाळेत जातो ते सकाळचे तास तसे सोपे असतात. मुलं ताजीतवानी असतात, नाश्ता झालेला असतो. कठीण काम दुपारी सुरू होतं. जेवण भरवणं, झोपवणं, झोपेतून किरकिर करत उठलेल्याला दूध, खाली बागेत नेणं, परत आणून हातपाय धुणं. हे सगळं तिच्या सहा तासांत येतं. आणि शाळेची बस गेटपाशी आली की मुलाला घ्यायला कोण उतरणार? याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, तिच्या मेसेजमध्येही नसावा. मावशीच उतरणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतंय. जून महिना, पाऊस, बस दहा मिनिटं मागेपुढे. मावशी एका कडेवर तुमची मुलगी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन गेटवर उभ्या. दीड वर्षाचं मूल दिवसातून एकदाच, साधारण याच सुमाराला झोपतं. रोज साडेबाराला तिची झोप मोडणार असेल, तर त्याची भरपाई कुठल्याच वाटणीत बसत नाही. हा प्रश्न पैशांच्या आधी सोडवा. सोसायटीच्या गेटवरून मुलाला वर आणायला तिच्या घरचं कुणी आहे का, किंवा तेवढ्या वेळासाठी तुमच्या सासूबाई मुलीजवळ थांबतील का, हे विचारा. आणि हो, थांबतील असं धरू नका, विचारा.

शिवाय शाळा म्हणजे सुट्ट्या. दिवाळी, नाताळ, मे महिना, मधले सणवार, आणि पावसाने रस्ते तुंबले म्हणून अचानक दिलेली सुट्टी. त्या दिवशी मुलगा सकाळी नऊपासून मावशींकडे असणार, आणि तेव्हा मावशी मोकळ्या असायलाच हव्यात अशी तिची अपेक्षा असणार. म्हणजे ती सहा तास वापरणार असली तरी साडेनऊ तासांची जागा धरून ठेवतेय. मूल पंधरा दिवस आजोळी गेलं म्हणून पाळणाघरवाल्या काकू त्या महिन्याची फी निम्मी करत नाहीत, आणि आपणही ते मुकाट्याने मान्य करतो. जागा धरून ठेवायचे पैसे असतात.

म्हणून मी तिसरा मार्ग सुचवीन. पगाराचे दोन भाग करा. निम्मा भाग, म्हणजे १०,०००, हा मावशी उपलब्ध असण्याचा. तो दोन्ही घरांनी सारखा द्यायचा, पाच-पाच हजार. उरलेले १०,००० मुलांच्या तासांच्या प्रमाणात. यात तिच्याकडे साधारण ३,९०० येतात, तुमच्याकडे ६,१००. एकूण तिचे ८,९००, तुमचे ११,१००. तिचे अकराशे वाचले, तुमचे अकराशे वाढले. तुमच्या मुलीला सकाळचे साडेतीन तास मावशी एकटीला मिळणार, त्याची ही किंमत जास्त नाही. शाळेच्या सुट्टीत मुलगा दिवसभर आला तर वेगळे पैसे नाहीत, ते त्या पाच हजारांत आले. निम्म्याऐवजी साठ टक्के सारखे वाटावेत असं तुम्हा दोघींना वाटलं तर तसं करा. पद्धत आधी ठरवा, आकडे मागून येऊ द्या.

आता पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येते. ‘मावशींना यातलं अजून काही माहीत नाही.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच अडकले. तुमच्या पत्रात दोन घरं आहेत, दोन मुलं आहेत, चार पालक आहेत, सासूबाईही आहेत, आणि ज्यांच्या दिवसाचं वेळापत्रक बदलतंय त्यांना कुणी विचारलेलं नाही. या व्यवस्थेवर तिसरं घरही चालतं, आणि ते मावशींचं आहे.

मूल शाळेत जाणार म्हणून मावशींचा पगार कमी करावा असं तुम्हा दोघींपैकी कुणाच्याही मनात आलं नाही, हे मला आवडलं. असं न करणारी माणसं थोडी असतात. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्ष झालं, पगारवाढीचं काय? मुलगी आता रांगत नाही, धावते, सोफ्यावर चढते. मुलाला बसवरून आणणं हे नवीन काम आहे. आधी मावशींचा पगार ठरवा, तोही त्यांच्याशी बोलून. वाटणी त्यानंतर. बहुतेक घरांत हे उलटं होतं. दोन आया आपापल्या खिशाला काय झेपतं ते ठरवतात, त्यांची बेरीज करतात, आणि जी येते तो मावशींचा पगार.

पुण्यात राहून हा विषय आपल्याला नवा असायचं कारण नाही. घरकाम करणाऱ्या बायकांनी १९८० साली याच शहरात संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस हे मुद्दे तिने लावून धरले. आज आपण दिवाळीला एक पगार बोनस देतो तेव्हा ते आपलं औदार्य असल्यासारखं बोलतो. दिवाळी आली की हा बोनस कसा वाटायचा यावरही तुमचं अडणार आहे, म्हणून आत्ताच ठरवा. पगाराची जी वाटणी, तीच बोनसची. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि वर्षातून एकदा गावाला जायला आठ-दहा दिवस, हेही लिहून ठेवा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. मावशींची तिथे नोंदणी झाली आहे का, विचारा. झाली नसेल तर काम देणाऱ्यांचं जे प्रमाणपत्र लागतं ते त्यांनी मागायची वाट न बघता द्या. आणि त्यांचं बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते. तो २० रुपयांचा हप्ता तरी दोन घरांत वाटू नका, कुणीतरी एकीने भरून टाका.

तुमच्या रागाचा मोठा भाग पैशांचा नाही असं मला वाटतं. तो सासूबाईंवरून आलाय, आणि थोडा सासूबाईंच्या वतीने आलाय. पत्रात तुम्ही लिहिता, ‘आमच्या आई घरात असतातच.’ या ‘असतातच’मध्ये किती काम आहे बघा. मावशींवर नजर ठेवणं, मुलगा पडला तर चौथ्या मजल्याच्या आईला फोन लावणं, दारावर आलेलं पार्सल घेणं, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी एक दीड वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं मूल सांभाळणं. मैत्रीण हे सगळं फुकट घेते म्हणून तुम्ही चिडलाय. पण तुम्हीही ते गृहीतच धरलंय. त्यांना या वयात दोन मुलांमागे धावायचंय का, हे कुणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. कदाचित त्यांना तो मुलगा आवडत असेल, त्याच्याशी त्यांचा वेळ छान जात असेल. कदाचित दुपारी टीव्ही लावून आडवं व्हायचं असेल आणि सुनेला कसं सांगायचं म्हणून गप्प बसत असतील. आज रात्री जेवणं झाल्यावर विचारा, आणि नवऱ्याला सोबत बसवा, आई त्याची आहे.

त्या काहीही म्हणाल्या तरी एक नियम मी तुमच्या जागी असते तर ताबडतोब लावला असता: मावशी नाहीत त्या दिवशी ज्याचं मूल त्याच्या घरी. तिच्या घरात कुणी रजा घेईल, घरून काम करेल, आजीला बोलावेल, तो तिचा प्रश्न. सासूबाईंनी आपणहून ‘राहू दे गं, मी बघते’ म्हटलं तर ती त्यांची मर्जी, पण ती त्या दिवसापुरती. या एका नियमाने तुमचा निम्मा राग उतरेल, असा माझा अंदाज आहे.

घरखर्चाचं म्हणाल, तर विजेच्या युनिटांचा हिशेब मांडत बसू नका. त्यात पैसे कमी आणि मनस्ताप जास्त. मुलाचा डबा, दूध, फळं, डायपर लागत असतील तर ते, सगळं त्याच्या घरून येऊ दे. मावशींचं जेवण आणि चहा याचे महिन्याला हजार-बाराशे धरा आणि निम्मे मागून घ्या. ‘भाडं’ हा शब्द तुम्ही पत्रात वापरलाय, तो मात्र तिच्यासमोर काढू नका. तुमचं घर वापरलं जातं याचे तोटे आहेत तसे फायदेही आहेत. तुमच्या मुलीला दुपट्यात गुंडाळून रोज सकाळी लिफ्टने कुठे न्यावं लागत नाही. ती तिच्या पाळण्यात झोपते. घरून काम करायच्या दिवशी ती तुम्हाला दारातून दिसते. हे सगळं नको वाटत असेल तर एक आठवडा तुमच्या घरी, एक आठवडा त्यांच्या घरी असं करून बघा. पुष्कळ कुटुंबं तसं करतात. घर बदललं की मैत्रिणीलाही आपोआप कळेल की दुपारी पाच वाजता हॉलची काय अवस्था असते. (दोन्हीपैकी कुठल्याही घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे मावशींना आधी दाखवा.)

यजमानांबद्दल दोन शब्द. ‘चार हजारांसाठी संबंध कशाला बिघडवायचे’ हे म्हणायला सोपं आहे, कारण ते संबंध रोज सांभाळतंय कोण? मेसेज मैत्रिणीने तुम्हाला केला, उत्तर तुम्ही देणार, मावशींशी तुम्ही बोलणार, आणि मोठ्या मनाचे ठरणार ते. दोन्ही घरांतल्या बाबांचं या व्यवस्थेत नेमकं काम काय आहे, हे मला पत्रातून कळलं नाही. तसा आपला कायदाही मुलाच्या बाबतीत आईकडेच बघतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटायची मुभा दिली ती आईला. तुमच्या कंपनीत ही सोय काय आहे, हे मनुष्यबळ विभागाला जरूर विचारा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मुलीला रोज न्यायचं हे मी तुम्हाला सुचवत नाही, पण मावशी महिनाभर गावाला गेल्या तर दुसरा पर्याय हाताशी असावा. आणि या बोलण्याला दोन बायका नकोत, चारही पालक बसा. चौघं बसले की ते व्यवहाराचं बोलणं होतं. दोघीच बसलात तर त्याचं रुसणं-फुगणं व्हायला वेळ लागत नाही.

मैत्रिणीला काय लिहायचं? मेसेजला मेसेजने उत्तर देऊन आकड्यांची घासाघीस सुरू करू नका. एवढंच लिहा: ‘अगं, तुझा मेसेज बघितला. शाळा सुरू झाली की आपलं गणित बदलणार हे बरोबर आहे. पण बस, सुट्ट्या, मावशींची पगारवाढ असं बरंच काही आहे. शनिवारी संध्याकाळी चौघं बसू या का? मी पोहे करते.’ पोहे ऐच्छिक. भेटल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या की तिचा हिशेब तुम्ही करून पाहिला आणि तो कसा आला असेल ते तुम्हाला कळलं. माणूस आपलं म्हणणं कळलंय म्हटल्यावर पुढचं ऐकतो. मग बसचं विचारा, सुट्ट्यांचं विचारा, आणि ती स्वतः ‘अरे हो, हे डोक्यातच आलं नाही’ म्हणते का बघा. बऱ्याचदा म्हणतात. पैशांचं बोलल्याने मैत्री तुटते, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतल्या मैत्र्या तुटलेल्या दिसतात त्या न बोलता वर्षभर मनात ठेवल्याने.

समजा, ती म्हणाली की सहाच्या वर एक रुपया जमणार नाही. मग रागावण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा. एक, फक्त तुमच्या मुलीला सांभाळायला मावशी किती घेतील? एका मुलाचा पगार दोन मुलांपेक्षा कमी असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्या १६,००० म्हणाल्या, तर तुम्ही १४,००० भरून दुसऱ्याचं मूल, त्याची बस आणि त्याची सर्दी घरात घेताय, ते फक्त दोन हजार वाचवण्यासाठी. त्या १९,००० म्हणाल्या तर १४,००० सुद्धा तुमच्या फायद्याचे आहेत. दोन, तिला दुपारपुरती वेगळी मावशी किंवा पाळणाघर किती रुपयांत पडेल? भागीदारी दोघींनाही एकटीने करण्यापेक्षा स्वस्त पडली तरच तिला अर्थ आहे. हे दोन आकडे हातात आले की वाटणी कुठल्या टप्प्यात असू शकते ते आपोआप दिसतं, आणि त्या टप्प्यात मग दोनशे-पाचशे इकडेतिकडे झाले तरी सोडून देता येतात. पैशांपलीकडचंही थोडं मोजा. एकुलत्या मुलीला घरात एक दादा मिळालाय, त्याचं बघून ती हाताने जेवायला शिकली असं तुम्हीच लिहिलंय.

तिच्या जागी तिसऱ्या घराचं मूल शोधायचा विचारही तुमच्या पत्रात आहे. तो करायला हरकत नाही, फक्त ‘तिलाही ठेवू आणि तिसरंही घेऊ’ हे करू नका. एका मावशीकडे तीन लहान मुलं झाली की ते पाळणाघर झालं, आणि पाळणाघर चालवायचं तर ते पाळणाघरासारखं चालवावं लागतं.

ज्या वाचकांना अशी भागीदारी नव्याने सुरू करायची आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी इथेच सांगते, तुम्हालाही उपयोगी पडतील. पगार मावशींच्या हातात किंवा खात्यात एकाच दिवशी, एकरकमी पडला पाहिजे. एका घराने १ तारखेला सगळा द्यावा, दुसऱ्याने आपला वाटा त्या घराला पाठवावा. नाहीतर एक घर एकला देतं, दुसरं दहाला, आणि मधले नऊ दिवस मावशी ‘ताई, वरच्या ताईंचं काही आलं नाही’ असं तुमच्या दारात सांगत उभ्या राहतात. उचल मागितली तर ती दोघींनी मिळून द्यायची की ज्या घराकडे मागितली त्याने, हे आधी ठरवा. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मावशी दहा-पंधरा हजार मागणार, हे होणारच आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

सूचना एकाच तोंडून जाव्यात. एक आई म्हणते मोबाइल अजिबात नको, दुसरी म्हणते जेवताना गाणी लावलीत तरी चालतील, आणि मावशी बिचाऱ्या एका मुलाला मोबाइल दाखवताना दुसऱ्याचं तोंड भिंतीकडे करून बसवतात. दोन घरांचे नियम वेगळे असतील तर मावशींसमोर वाद न घालता आपसात एक नियम ठरवा. आणि मुलांचं काम म्हणजे मुलांचंच काम. ‘जाता जाता तेवढे कपडे घडी करा’, ‘तेवढी भाजी निवडून ठेवा’ हे दोन घरांतून आलं की मावशींच्या डोक्यावर दोन घरांचं वरकाम पडतं, पगार मात्र एका कामाचा. तुमच्याकडे असं होत असेल तर त्या शनिवारच्या बैठकीत तेही काढा.

सोडून जायचं असेल तर दोन्ही घरांनी एक महिना आधी सांगायचं आणि त्या महिन्याचा आपला वाटा पूर्ण द्यायचा, मूल येवो न येवो. मावशींचा महिन्याचा निम्मा पगार एका मेसेजने जाऊ नये. हे सगळं वहीच्या एका पानावर लिहा, त्याचा फोटो तिन्ही घरांच्या फोनवर असू द्या. मावशींना वाचून दाखवायचं असेल तर वाचून दाखवा, आणि त्यांचं म्हणणं ऐकून दोन ओळी बदलायची तयारी ठेवा.

आजारपणाचा नियम आजच करा, कारण नर्सरीतला पहिला पावसाळा येतोय. सर्दी, ताप, उलट्या-जुलाब, हातापायांवर आणि तोंडात पुरळ येतं तो आजार, हे सगळं शाळेतून घरी येणार आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या मुलीला होणार. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय मूल मावशींकडे पाठवायचं नाही, पुरळ असेल तर डॉक्टरांनी बरं म्हटल्याशिवाय नाही. दोन्ही मुलांना हाच नियम, मावशींनाही हाच, त्यांच्या आजारपणाची सुट्टी भरपगारी धरून.

आणि या हिशेबाला जून, जुलै एवढाच वेळ द्या. पहिल्या दोन महिन्यांत मुलगा किती दिवस शाळेत जातो, किती दिवस रडून घरी राहतो आणि किती दिवस तापाने झोपून असतो, हे कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, म्हणजे गणपतीच्या आधी पुन्हा चौघं आणि मावशी बसाल तेव्हा अंदाजाने बोलावं लागणार नाही.